नव्या घरांना पाणी पुरेल का? कसबा पेठेतून घेतलेला आढावा

पुण्यात परवडणाऱ्या घरांचा विषय निघाला की चर्चा दोन ठिकाणी अडते. पहिली अडचण जमिनीच्या भावाची. तिच्यावर भरपूर बोलले आणि लिहिले गेले आहे. दुसरी अडचण पाण्याची. महापालिकेत नव्याने आलेल्या गावांमध्ये इमारतीचा नकाशा मंजूर करताना बांधकाम व्यावसायिकाकडून हमीपत्र घेतात: महापालिकेची जलवाहिनी येईपर्यंत रहिवाशांच्या पाण्याची सोय आम्ही करू. मग सदनिका विकल्या जातात, सोसायटी स्थापन होते, हमीपत्र फायलीत राहते आणि टँकरचा खर्च मासिक देखभाल शुल्कात येऊन बसतो. जी सदनिका कर्जाच्या हप्त्याच्या हिशेबाने परवडणारी होती ती राहायला गेल्यावर परवडेनाशी होते.

म्हणून गेल्या दहा वर्षांत सोसायट्या, न्यायालय, जलसंपदा विभाग असे सगळेच एक प्रश्न विचारू लागले आहेत. पाणी आहे याची खात्री नसताना नव्या घरांना परवानगी द्यावी का? त्याच्या जोडीला दुसरा प्रश्नही तितकाच खरा आहे. परवानग्या थांबवल्या तर कमी मिळकतीच्या कुटुंबाने राहायचे कुठे?

हा वाद कसबा पेठेतून पाहायला घेतला, त्यामागे कारण आहे. वाद पेटतो तो वाघोली, धायरी, बालेवाडी अशा कडेच्या भागांत. कसबा ही शहरातली सर्वांत जुनी वस्ती. इथे जलवाहिन्या आहेत, ड्रेनेज आहे, बाजार आणि शाळा आहेत, आता भुयारी मेट्रोचे स्थानकही आहे. आणि इथेच जुने वाडे खचत चालले आहेत, भाडेकरू अडकून पडले आहेत, पुनर्बांधणी रखडली आहे. शहराने घरे कुठे बांधली आणि कुठे बांधली नाहीत, ही गोष्ट पाण्याच्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. ती कसब्यातून स्पष्ट दिसते.

हौदांपासून धरणांपर्यंत

अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधले गेले. तिथले पाणी भुयारी नळाने सुमारे आठ किलोमीटरवरच्या शनिवारवाड्यापर्यंत आणले गेले. नळात हवा खेळती राहावी म्हणून वाटेत उसासे ठेवले होते, आणि वस्तीत जागोजागी हौद होते. कसब्याच्या कडेचा फडके हौद त्यांतलाच. हौद गेला तरी चौकाचे नाव राहिले आहे. पुढे रास्ते आणि नाना फडणवीस यांनी कोंढवा व आंबेगाव भागातून आणखी नळ आणले. याच सुमारास सदाशिव, नारायण यांसारख्या पेठा वसत होत्या. पेठ वसवणे आणि तिला पाणी आणणे ही एकाच कारभाराची दोन कामे होती, आणि वाड्यातला आड आणि पेठेतला हौद मिळून घरटी पाण्याची गरज भागत असे. सगळे पाणी उताराने येत असल्यामुळे वस्ती कुठवर वाढू शकते याला जमिनीनेच मर्यादा घातलेली होती.

१८७९ मध्ये खडकवासल्याचे धरण झाले. कर्नल फाइफ यांच्या नावाने त्या जलाशयाला फाइफ तलाव म्हणत. हे धरण मुळात सिंचनासाठीही होते आणि पुण्याच्या व लष्कराच्या पाण्यासाठीही. आजच्या भांडणाचे बीज इथेच आहे: शहराचा नळ आणि शेताचा कालवा तेव्हापासून एकाच साठ्यावर बसले. शहर लहान होते तोवर कुणाला याचा त्रास जाणवला नाही.

१२ जुलै १९६१ रोजी बांधकाम चालू असलेले पानशेत धरण फुटले, त्याच्या लोंढ्याने खडकवासलाही फुटले, आणि नदीकाठच्या कसबा, शनिवार, नारायण या पेठा पाण्याखाली गेल्या. पूर ओसरल्यावर नळ कोरडे होते. वाड्यांतल्या जुन्या विहिरी आणि हौद त्या दिवसांत कामी आले. घरांच्या दृष्टीने त्यानंतर घडले ते आपल्या विषयाला जास्त जवळचे आहे. पूरग्रस्तांसाठी लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. सरकारने पुढाकार घेऊन कमी खर्चाची घरे एकदम, मोठ्या संख्येने बांधण्याचा पुण्यातला तो ठळक प्रसंग. त्या वसाहती तेव्हाच्या गावाबाहेर वसल्या. पेठेतला माणूस घरासाठी कडेला जातो आणि पाण्याची वाहिनी त्याच्यामागून जाते, हा क्रम पुढे पक्का झाला.

पानशेत पुन्हा बांधले गेले, वरसगाव आणि टेमघर झाली. आज खडकवासला प्रकल्पाच्या चार धरणांची मिळून साठवण २९.१५ टीएमसी आहे: वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५, टेमघर ३.७१ आणि खडकवासला अवघे १.९७. याशिवाय भामा आसखेडचे पाणी जानेवारी २०२१ पासून शहराच्या पूर्व भागाला मिळते. त्या योजनेची क्षमता दिवसाला २० कोटी लिटर आहे.

टीएमसी म्हणजे किती घरे

टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २,८३० कोटी लिटर. धरणाच्या बातम्या या मापात येतात. घराचा हिशेब मात्र बादलीत आणि लिटरमध्ये असतो. ही दोन मापे एकत्र मांडल्याशिवाय वादातले दावे तपासता येत नाहीत. म्हणून थोडे गणित.

शहरी घरगुती वापराचे मान्य प्रमाण माणशी रोज १३५ लिटर आहे, महानगरांसाठी १५० धरतात. पाच जणांच्या कुटुंबाला १३५ प्रमाणे रोज ६७५ लिटर लागतात. म्हणजे वर्षभरात एक टीएमसी पाणी सुमारे १ लाख १५ हजार कुटुंबांना पुरते. पण पुण्याच्या जलवाहिन्यांतून ३५ ते ४० टक्के पाणी गळती, चोरी आणि हिशेबाबाहेरच्या जोडण्यांत जाते, असे महापालिकाच सांगत आली आहे. ४० टक्के वजा केले तर त्याच टीएमसीत ६९ हजार कुटुंबे बसतात. धरणातून निघालेल्या एकाच पाण्यात ४६ हजार कुटुंबांचा फरक पडतो.

आता कोट्याकडे पाहू. मागच्या दशकातल्या करारानुसार जलसंपदा विभागाने पुण्याला वर्षाला ११.५ टीएमसी मंजूर केले होते. अलीकडे शहर खडकवासला प्रकल्पातून १८ टीएमसीहून जास्त उचलते. ११.५ टीएमसी म्हणजे रोज सुमारे ८९ कोटी लिटर. माणशी १५० लिटरने हे पाणी साडेएकोणसाठ लाख लोकांना पुरायला हवे. ४० टक्के गळती धरली तर ते जेमतेम ३६ लाखांना पुरते. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाख २४ हजार होती. तेव्हा तो कोटा त्या काळच्या शहराला, त्याच्या गळतीसकट, साधारण बेताचा होता. त्यानंतर ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावे आणि जून २०२१ मध्ये २३ गावे शहरात आली. यांतली उरुळी देवाची आणि फुरसुंगी नंतर वेगळी काढली गेली. हद्द पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढे गेली. जनगणना मात्र २०११ नंतर झालेलीच नाही.

हे गणित महत्त्वाचे आहे, कारण वादातला प्रत्येक पक्ष याच आकड्यांतला एक तुकडा हातात धरून उभा आहे.

कोण काय म्हणते

महापालिकेचे म्हणणे असे की कोटा जुना आहे आणि शहर वाढले आहे. नोकरी, शिक्षण, उपचार यांसाठी रोज येणारी तरंगती लोकसंख्याही पाणी वापरते. गावे समाविष्ट करण्याचा निर्णय राज्य सरकारचा, मग त्या गावांचे पाणीही सरकारनेच वाढवून द्यावे. दरवर्षी महापालिका जलसंपदा विभागाला पाण्याचे अंदाजपत्रक सादर करते. त्यातली मागणी आणि मंजुरी यांत कित्येक टीएमसींचे अंतर असते.

जलसंपदा विभागाचा आक्षेप लोकसंख्येच्या आकड्यावर आहे आणि गळतीवरही. ज्या शहराचे तिसऱ्या हिश्श्याहून अधिक पाणी वाटेत जाते त्याने आधी आपली वाहिनी दुरुस्त करावी, मग वाढीव पाणी मागावे, हा त्यांचा युक्तिवाद. कोट्याबाहेरच्या पाण्याला जादा दराने आकारणी होते आणि थकबाकीचा वाद वर्षानुवर्षे चालू राहतो. २००५ च्या कायद्याने स्थापन झालेल्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणापुढेही हे प्रकरण गेले आहे.

त्यामागे दौंड, इंदापूर, हवेलीतला शेतकरी उभा आहे. कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या गावाला उन्हाळी आवर्तन मिळेल की नाही, हे पुण्यात किती पाणी उचलले गेले यावर ठरते. राज्याच्या जलधोरणात पिण्याच्या पाण्याला पहिला मान आहे आणि शेतकरी तो नाकारत नाही. त्याचा प्रश्न असा: बागेला, गाडी धुवायला, जलतरण तलावाला जाणारे पाणी पिण्याच्या पाण्याच्या नावाखाली का मोजायचे? मुंढव्याच्या जॅकवेलमधून साडेसहा टीएमसी प्रक्रिया केलेले पाणी शेतीसाठी परत देण्याची अट कराराला जोडली गेली होती. परत येणाऱ्या पाण्याच्या दर्जाबद्दल खालच्या गावांची तक्रार आहे, आणि ती नदीकाठाने चालत गेलेल्या कुणालाही पटेल अशी आहे. जपानच्या कर्जसाहाय्यातून दिवसाला ३९ कोटी ६० लाख लिटर क्षमतेची ११ मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे उभारण्याचा प्रकल्प दशकभर रेंगाळला. त्याचा परिणाम थेट या परतफेडीवर झाला आहे.

धरणांच्या वरच्या बाजूचा आवाज बहुतेक चर्चांतून निसटतो. भामा आसखेडच्या वाहिनीचे काम प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाच्या मागण्यांमुळे अनेकदा थांबले. शेजारच्या पिंपरी-चिंचवडसाठी पवना धरणातून बंद वाहिनी टाकण्याला मावळात विरोध झाला आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा जीव गेला. नव्या धरणातून पाणी आणू, असे शहरात सहज म्हटले जाते. मुळशीचे नावही त्यात वारंवार येते. ज्या खोऱ्याने १९२० च्या दशकात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह केला तिथे हा प्रस्ताव फक्त अभियांत्रिकीचा राहत नाही.

बांधकाम व्यावसायिकांची बाजू अशी की ते विकसन शुल्क भरतात, ग्राहक मिळकतकर भरतो, तेव्हा पाणी पुरवणे ही महापालिकेची जबाबदारी आहे. परवानग्या अडवल्या तर घरे कमी होतील, भाव चढतील, आणि त्याची झळ सर्वांत आधी छोट्या घरांना बसेल. कडेच्या सोसायट्यांचे महासंघ नेमके उलट सांगतात. आहेत त्या घरांना पाणी नाही, मग नव्यांना भोगवटा पत्र कशाच्या आधारावर देता? हे महासंघ पाण्याच्या प्रश्नावर उच्च न्यायालयातही गेले आहेत.

या गलबल्यात वस्त्यांमधल्या आणि छोट्या घरांतल्या लोकांची बाजू सर्वांत कमी ऐकू येते. ती समजून घ्यायला पुन्हा गणिताकडे यावे लागते. प्रधानमंत्री आवास योजनेत पुणे महापालिकेने हडपसर, खराडी, वडगाव भागांत बांधलेल्या २,६५० हून अधिक घरांचे वाटप ऑगस्ट २०२३ मध्ये झाले. २,६५० कुटुंबांना मानकाप्रमाणे रोज सुमारे १८ लाख लिटर पाणी लागेल. शहर रोज सरासरी १४० कोटी लिटर उचलते. म्हणजे या घरांचा वाटा दर हजार लिटरमागे सव्वा लिटर. यांतली बरीच कुटुंबे आधीही याच शहरात राहत होती, याच धरणाचे पाणी पीत होती. कमी मिळकतीच्या घरांमुळे पुण्याचे पाणी संपेल, या म्हणण्याला आकड्यांचा आधार नाही, असे माझे मत आहे. मात्र हे गणित शहराच्या एकूण वाढीला लागू होत नाही. परवडणाऱ्या घरांच्या नावाने मंजूर होणारे मोठे प्रकल्प आणि त्यांच्या शेजारचे महाग टॉवर एकाच जलवाहिनीवर येतात. ४,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवर २० टक्के क्षेत्र आर्थिकदृष्ट्या दुर्बल व अल्प उत्पन्न गटासाठी ठेवण्याचा नियम आहे, आणि हे भूखंड बहुतेक करून कडेलाच मिळतात.

धरणात आहे, नळात नाही

कडेला काय होते, याचे सर्वांत गंभीर उदाहरण सिंहगड रस्त्यावरचे आहे. जानेवारी २०२५ मध्ये नांदेड, किरकटवाडी, धायरी भागांत गुलेन-बारी सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले. संशय पाण्यातल्या जंतुसंसर्गावर आला. यांतल्या समाविष्ट गावांना विहिरीचे पाणी पूर्ण शुद्धीकरणातून न जाता केवळ क्लोरिन टाकून दिले जात होते. ही गावे खडकवासला धरणाच्या अगदी पायथ्याशी आहेत. पुरेसे पाणी म्हणजे किती लिटर, एवढेच विचारून चालत नाही, हे त्या आठवड्यांत शहराला कळले.

पाणी धरणापासून घरापर्यंत पोचवायला शुद्धीकरण केंद्र, साठवण टाकी, दाब आणि वितरणवाहिनी लागते. २०१७ मध्ये महापालिकेने २०० कोटींचे कर्जरोखे काढून समान पाणीपुरवठा योजनेची आर्थिक सुरुवात केली. शहराचे १४१ विभाग, ८० हून अधिक टाक्या, सुमारे १,६०० किलोमीटर नव्या वाहिन्या आणि तीन लाखांवर मीटर असा तिचा आराखडा. ठरलेल्या मुदती उलटून गेल्या. अनेक ठिकाणी मीटर बसले, पण पाणीपट्टी अजून मिळकतकराच्या हिशेबानेच घेतात, वापरावर नाही. योजनेचे समर्थक म्हणतात की मोजल्याशिवाय गळती सापडणार नाही. विरोधकांना भीती आहे की मीटरमागून दरवाढ येईल. दोन्ही मुद्द्यांत तथ्य आहे. पण विभागवार मोजणी झाली तर एका टाकीवर किती पाणी येते, त्यावर किती घरे आहेत आणि आणखी किती बसतील, हे कागदावर मांडता येईल. नव्या घरांच्या प्रश्नासाठी इतकी उपयोगी दुसरी माहिती नाही.

भूजलाचे खाते तर कोरेच आहे. शहरातल्या हजारो बोअरवेल आणि टँकर ज्या विहिरींवर भरतात त्या विहिरी कुठल्याही टीएमसीत मोजल्या जात नाहीत. पुण्यातली अ‍ॅक्वाडॅम ही संस्था आणि भूवैज्ञानिक हिमांशू कुलकर्णी अनेक वर्षे हे दाखवून देत आहेत की बेसाल्टच्या थरांतले जलधर मर्यादित आणि विभागलेले आहेत. एका सोसायटीची बोअर खोल गेली की शेजारची आटते. टेकड्यांवरच्या पुनर्भरण क्षेत्रांवर बांधकाम झाले की खालच्या विहिरींचा आधार जातो. घर बांधण्याच्या जागेचा आणि पाणी मुरण्याच्या जागेचा विचार एकत्र व्हावा, असे या अभ्यासकांचे सांगणे आहे. विकास आराखड्यांत त्याला अजून बळकट जागा मिळालेली नाही.

कसब्यातला वाडा

आता मधल्या शहराकडे येऊ. समजा तांबट आळीजवळच्या एका वाड्यात १२ भाडेकरू कुटुंबे आहेत आणि पुनर्बांधणीनंतर तिथे २४ होतील. वाढीव १२ कुटुंबांना रोज ८,१०० लिटर लागतील, म्हणजे दहा हजार लिटरच्या एका टँकरपेक्षा कमी. ही १२ घरे कात्रज किंवा कोंढव्याच्या टेकडीवर बांधली तर पाणी तितकेच लागेल, पण ते उपसून चढवावे लागेल, नवी टाकी आणि नवी वाहिनी लागेल. कसबा पर्वतीच्या टाक्यांच्या पुष्कळ खाली आहे. पर्वती जलकेंद्राचे पाणी इथे उताराने येते, पूर्वी कात्रजचे येई तसे. शिवाय गेल्या काही दशकांत पेठांतली कितीतरी कुटुंबे कोथरूड, कर्वेनगर, सिंहगड रस्त्याकडे गेली. त्यामुळे पेठांची पाणी पुरवण्याची ताकद पूर्ण वापरात नाही, असा नगररचनेतल्या काही अभ्यासकांचा अंदाज आहे. मला तो बराचसा पटतो.

पण तो तपासल्याशिवाय स्वीकारता येणार नाही. वाड्यातली १२ कुटुंबे आजवर एक-दोन सामायिक नळांवर आणि सामायिक संडासांवर भागवत आली. स्वतंत्र न्हाणीघर, संडास, धुलाईयंत्र आले की त्यांचाही वापर वाढणार. हा वाढीव वापर न्याय्यच आहे, पण हिशेबात तो धरला पाहिजे. बोळांतल्या वाहिन्या जुन्या आणि अरुंद आहेत. पावसाळी गटारे आणि मैलावाहिन्या एकमेकींना खेटून जातात. प्रत्येक नव्या इमारतीला भूमिगत टाकी हवी, आणि आधीच तोकड्या भूखंडावर ती पार्किंगशी जागेसाठी भांडते. जुने आड बुजवायचे की गाळ काढून वापरात आणायचे, हा प्रश्न प्रत्येक वाड्यापुढे येतो. संडास-बागेसाठी आडाचे पाणी वापरले तर नळावरचा भार कमी होतो. यासाठी बुजवण्याआधी निदान पाण्याची तपासणी व्हावी, असे वाटते.

मधल्या शहरात घरे का होत नाहीत, याचे मुख्य कारण पाणी नाहीच. शनिवारवाडा संरक्षित स्मारक असल्याने २०१० च्या केंद्रीय कायद्यातील दुरुस्तीनुसार त्याच्या भोवतीच्या १०० मीटरांत नवे बांधकाम निषिद्ध आणि पुढच्या २०० मीटरांत नियंत्रित आहे. नदीकाठच्या भागाला पूररेषेचे बंधन आहे. बाकीच्या ठिकाणी अरुंद रस्ते, इमारतींमधल्या अंतराचे नियम, मालकांतले वाद आणि भाडेकरूंचे हक्क यांत वर्षे जातात. नदीपलीकडच्या कामगार पुतळा आणि राजीव गांधीनगर वस्त्यांतली कुटुंबे मेट्रोच्या कामासाठी विमाननगर, हडपसरकडे हलवली गेली. मधून कडेला जाण्याचा १९६१ चाच क्रम चालू आहे. जिथे पाणी स्वस्तात पोचते तिथे घरे अडलेली आणि जिथे घरे भराभर होतात तिथे पाणी पोचायचे आहे, अशी पुण्याची स्थिती आहे.

अडवायचे की अट घालायची

पाणी नाही म्हणून बांधकाम थांबवण्याचा प्रयोग पुण्यात होऊन गेला आहे. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बाणेर-बालेवाडी भागात नव्या बांधकामांच्या आणि भोगवट्याच्या परवानग्यांवर बंदी घातली. पुढे ती उठली. त्या आदेशामुळे त्या भागातल्या टाक्या आणि वाहिन्यांच्या कामाचा विषय महापालिकेच्या अजेंड्यावर वर आला, असे समर्थक सांगतात. विरोधकांच्या मते सदनिकेचे पैसे भरून बसलेल्या ग्राहकांची कोंडी झाली. सगळ्यांना सारखी लागणारी बंदी श्रीमंताच्या प्रकल्पाला उशीर करते आणि गरिबाच्या प्रकल्पाला बंद पाडू शकते, हा धोका मला खरा वाटतो.

बाहेर काय चालते, हे थोडक्यात पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत अ‍ॅरिझोनाने १९८० च्या भूजल कायद्याखाली ठरावीक क्षेत्रांतल्या नव्या वसाहतींना शंभर वर्षांचे पाणी दाखवण्याची अट घातली. २०२३ मध्ये फिनिक्स परिसरात केवळ भूजलावर विसंबलेल्या नव्या मंजुऱ्या तिथल्या सरकारने थांबवल्या. कॅलिफोर्नियाने २००१ च्या दोन कायद्यांनी ५०० घरांपुढच्या प्रकल्पांना पाण्याचा लेखी पुरावा आवश्यक केला. पुण्याच्या दृष्टीने त्यातल्या सवलती जास्त विचारात घेण्याजोग्या आहेत. आधीच वसलेल्या शहरी जागेवरच्या पुनर्बांधणीला आणि केवळ अल्प उत्पन्न गटासाठीच्या घरांना वसाहतीच्या मंजुरीसाठी लागणारी ही लेखी खात्री लागू नाही. २००५ च्या आणखी एका कायद्याने पाणीपुरवठा संस्थांना अशा घरांना जोडणीत अग्रक्रम द्यायला सांगितले. म्हणजे तिथे पाण्याची परीक्षा ठेवली, पण तिचा भार मोठ्या, कडेच्या, नव्या वसाहतींवर टाकला. हे जसेच्या तसे इथे आणता येणार नाही. तिथे पाण्याचा हिशेब ठेवणारी संस्था आणि प्रकल्प मंजूर करणारी संस्था यांच्यात लेखी व्यवहार आहे. पुण्यात धरण जलसंपदा विभागाकडे, वाहिनी महापालिकेकडे, हद्दीबाहेरची परवानगी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (पीएमआरडीए) आणि झोपडपट्टी पुनर्वसन स्वतंत्र प्राधिकरणाकडे आहे.

काय अजून ठरायचे आहे

पहिली न सुटलेली गाठ लोकसंख्येची. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. तोवर महापालिका आपला आकडा धरेल, जलसंपदा विभाग आपला, आणि दोन्ही आकड्यांवर आधारलेले कोटे वेगवेगळेच राहतील.

दुसरी गाठ बचतीच्या पाण्याची. गळती निम्म्यावर आली, तर वाचलेले पाणी कुणाचे? शहर म्हणेल नव्या घरांचे. दौंड-इंदापूर म्हणतील, आमच्या वाट्याचे होते ते परत द्या. खडकवासला ते फुरसुंगी बोगदा करून कालव्यातली गळती आणि बाष्पीभवन थांबवण्याचा प्रस्ताव आहे. त्यातून दोन टीएमसीहून अधिक पाणी वाचेल असा दावा आहे, आणि त्यावरही हाच प्रश्न उभा राहणार. सप्टेंबर २०१८ मध्ये दांडेकर पुलाजवळ कालवा फुटून वस्तीतली घरे वाहून गेली, तेव्हापासून शहरातून जाणाऱ्या या उघड्या कालव्याच्या सुरक्षिततेचा मुद्दाही बोगद्याच्या बाजूने मांडला जातो. बोगदा झाला तर कालव्याकाठच्या विहिरींना मिळणारा पाझर बंद होईल, ही शेतकऱ्यांची शंका अजून समाधानकारकपणे दूर झालेली नाही.

तिसरी गाठ हमीपत्राची. टँकरचे पाणी ही पाण्याची सोय मानायची का? मानायची तर किती वर्षे, आणि त्याचा दर्जा कोण तपासणार? सिंहगड रस्त्यावरच्या नांदेडच्या अनुभवानंतर या प्रश्नाला आरोग्य विभागानेही उत्तर द्यायला हवे. आज ते एकाही परवानगीपत्रावर स्पष्ट लिहिलेले नसते.

आणि कसब्याच्या बाबतीत एक साधी, करता येण्यासारखी गोष्ट राहून गेली आहे. पेठांमधल्या प्रत्येक पाणी-विभागात सध्या किती जोडण्या आहेत, वाहिनीचा व्यास आणि वय किती, दाब किती मिळतो आणि त्यावर आणखी किती घरे पेलतील, याचा उघड तक्ता वाडामालक, भाडेकरू आणि वास्तुविशारद यांच्या हाती नाही. तो असता तर पुनर्बांधणीच्या नियमांची चर्चा करताना पाण्याबद्दल अंदाजाने बोलावे लागले नसते. समान पाणीपुरवठा योजनेतले मीटर आणि विभाग त्यासाठी पुरेसे आहेत. त्यांचे आकडे विभागवार प्रसिद्ध करण्याचा निर्णय महापालिकेने घ्यायचा आहे.